शेवट माहीत असलेली थरारकादंबरी पुढे वाचावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मित्राच्या आग्रहावरून तुम्ही फ्रेडरिक फोर्सिथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ वाचायला घेतली, एक तृतीयांश वाचून झाली आणि पुस्तक बाजूला ठेवलं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष चार्ल्स द गॉल यांचा खून झाला नाही हे जगाला ठाऊक आहे, मग त्यांच्या खुनाच्या कटात जीव गुंतवायचा कशाला, हे तुमचं पहिलं म्हणणं. सगळं पोलिसी अहवालासारखं कोरडं वाटतं, हे दुसरं. तिसरं तुम्ही अगदी शेवटी जरा चाचरतच लिहिलंय: वाचता वाचता आपण मारेकऱ्याच्या बाजूने होतो आणि ते मनाला टोचतं. इतरांची मतं वाचावीत, तर काहींना हिच्यासारखी दुसरी नाही असं वाटतं आणि काहींना पन्नास पानंही रेटवत नाहीत. तर पुढे वाचावी का?

मी गेली वीसेक वर्षं थरारकादंबऱ्यांच्या संहितांवर संपादनाचं काम करतो आणि एक छोटा वाचकगट चालवतो. या कादंबरीची माझी जुनी प्रत गटात फिरत असते. घेणाऱ्याला मी एकच विनंती करतो: जिथे वाचन थांबलं आणि पुन्हा उचलावंसं वाटलं नाही, तिथे समासात पेन्सिलीने एक ठिपका द्या. आज ती प्रत उघडली तर जवळजवळ सगळे ठिपके पहिल्या भागात दिसतात. द गॉल यांच्या जिवावर उठलेल्या ओएएस या गुप्त संघटनेची अंतर्गत रचना समजावणाऱ्या पानांवर आहेत, बंदुकीच्या मापांची चर्चा चालते तिथे आहेत. दुसऱ्या भागात दोन-तीन सापडतील. तिसऱ्या भागात एकही नाही. तुम्ही थांबलात ती जागाही याच पट्ट्यातली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. पुढचं काहीही फोडणार नाही, जे लिहीन ते तुम्ही वाचलेल्या भागातलं किंवा इतिहासात नोंदलेलं असेल. पुढे येणाऱ्या लेबेल या पोलिस अधिकाऱ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

आधी शेवटाचं बघू. तुमचा आक्षेप नवा नाही, पुस्तक छापायच्या आधीपासूनचा आहे. फोर्सिथ यांनी ही कादंबरी जानेवारी १९७० मध्ये ३५ दिवसांत लिहिली. तेव्हा द गॉल सत्तेवरून उतरून काही महिने झाले होते आणि कोलोंबे या गावी घरी राहत होते. एकामागून एक प्रकाशकांनी संहिता परत केली, आणि कारण नेमकं तुमचंच: ज्याच्या खुनाची गोष्ट तो माणूस हयात आहे, वाचकाला उत्कंठा कशाची? द गॉल ९ नोव्हेंबर १९७० रोजी राहत्या घरी गेले, आजाराने. कादंबरी १९७१ मध्ये आली आणि वाचकांनी ती उचलून धरली. प्रकाशकांचं काय चुकलं, हा प्रश्न मी संपादक म्हणून स्वतःला बरेचदा विचारला आहे.

माझ्या मते ते ‘काय होणार’ आणि ‘कसं होणार’ यांत गल्लत करत होते. पानिपतावर काय घडलं हे माहीत असूनही पानिपतावरची कादंबरी आपण रात्र जागून वाचतोच की. शेवट ठाऊक असला की वाचकाचं लक्ष निकालावरून उठतं आणि वाटेवर जाऊन बसतं. इथे खून फसणार हे माहीत आहे. पण कोणत्या पायरीवर, कुणामुळे, किती जवळ येऊन, आणि तोवर किती जणांचा बळी जाऊन? यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. शिवाय एक गोष्ट बघा. जॅकल, म्हणजे भाडोत्री मारेकरी, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून द गॉल यांच्याविषयी वाचत राहतो, आणि हा माणूस वर्षातल्या कोणत्या दिवशी काहीही झालं तरी लोकांसमोर येणारच, ते शोधून काढतो. ती तारीख त्याला मिळते. आपल्याला लेखक ती सांगत नाही. म्हणजे एक मोठं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकलेल्या लेखकाने दुसरं, तितकंच मोठं उत्तर मुठीत धरून ठेवलं आहे. तुम्ही पहिल्या उत्तराकडे बघत राहिलात म्हणून ही मूठ दिसली नाही.

आता सुरुवातीच्या त्या जड पानांविषयी. तिथला इतिहास थोडा आधी माहीत असेल तर ती पानं एकदम हलकी होतात, हा माझा गटातला अनुभव. द गॉल १९५८ मध्ये पुन्हा सत्तेवर आले ते अल्जेरिया फ्रान्सचाच राहावा असं मानणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या आणि तिथल्या युरोपीय रहिवाशांच्या पाठिंब्यावर. पुढे त्यांनीच अल्जेरियाच्या स्वयंनिर्णयाची वाट धरली. एप्रिल १९६१ मध्ये सेनानींनी तिथे बंड केलं, ते चार-पाच दिवसांत बारगळलं. मार्च १९६२ मध्ये युद्ध थांबवणारा एव्हियाँचा करार झाला आणि जुलैमध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला. लाखो युरोपीय लोक घरदार सोडून फ्रान्सला आले. ज्या अधिकाऱ्यांनी आधी इंडोचायनात आणि मग अल्जेरियात माणसं गमावली होती, त्यांना हा सरळ विश्वासघात वाटला. ओएएस ही त्यांची गुप्त सशस्त्र संघटना.

२२ ऑगस्ट १९६२ च्या संध्याकाळी पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे द गॉल यांच्या सित्रोएन गाडीवर या कटवाल्यांनी दीडशेच्या आसपास गोळ्या झाडल्या. गाडीत पत्नी आणि जावई होते. टायर फुटले, काचा फुटल्या, पण आतलं कुणीही दगावलं नाही. कटाचा सूत्रधार होता ले. कर्नल झाँ बास्तियाँ-तिरी, हवाई दलातला अभियंता. त्याच्या साथीदारांचा मृत्युदंड द गॉल यांनी माफ केला, त्याचा केला नाही. ११ मार्च १९६३ च्या पहाटे इव्रीच्या किल्ल्यात त्याला गोळ्या घातल्या. कादंबरी याच पहाटेपासून सुरू होते. फोर्सिथ १९६२ मध्ये रॉयटर्सचे वार्ताहर म्हणून पॅरिसमध्येच होते, त्यामुळे ही पानं वाचताना ऐकीव माहितीचा वास येत नाही.

या सगळ्याचा कथेशी संबंध काय? फार मोठा. पेती-क्लामारनंतर ओएएस पोखरली गेली. खबरे आत शिरले. फेब्रुवारी १९६३ मध्ये तर ओएएसचे कर्नल आर्गू यांना म्युनिकमधून पळवून आणलं आणि ते पॅरिसमध्ये एका गाडीत बांधलेल्या अवस्थेत सापडले. हे सगळं खरोखर घडलेलं. आता कादंबरीतला ओएएसचा म्होरक्या रोदँ इथून पुढे विचार करतो: आमच्यातल्या प्रत्येकाची फाईल पोलिसांकडे आहे, आमचा प्रत्येक माणूस कुणीतरी ओळखतो, म्हणून मारेकरी असा हवा की ज्याची फाईलच नाही. परका, भाडोत्री, एकटा. जॅकलचा जन्म या विचारातून झाला आहे. तो पाच लाख डॉलर मागतो. ते उभे करायला ओएएस बँका लुटते, आणि या अचानक वाढलेल्या दरोड्यांमुळेच सरकारी माणसाच्या कपाळावर पहिली आठी पडते. ज्या गुप्ततेसाठी एवढे पैसे मोजायचे, ती गुप्तता त्या पैशांपायीच धोक्यात येते. अशी साखळी जमवणं किती अवघड आहे ते मला रोज दिसतं. हाती येणाऱ्या दहा संहितांपैकी बहुतेकांत पैसा नुसता बॅगेतून येतो, तो कुठून आला हे कुणी विचारतच नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा, अहवालासारखी भाषा. ही भाषा कोरडी आहे हे मी मान्य करतो. रंगवलेली वर्णनं, मनातली खळबळ असं हवं असेल तर इथे ते मिळणार नाही, आणि त्यासाठी कुणी पुस्तक मिटलं तर ती त्याची आवड, त्यात चूक काही नाही. पण अहवालात आणि या पानांत एक फरक आहे. अहवाल कारणासकट सगळं सांगतो. फोर्सिथ कृती सांगतात आणि कारण गाळतात. तुम्ही वाचलेल्या भागातच बघा. जॅकल पॅरिसच्या जुन्या बाजारातून एक जुनाट लष्करी ओव्हरकोट घेतो, पदकं घेतो. कशासाठी? उत्तर नाही. लंडनमध्ये दोन परदेशी प्रवाशांचे पासपोर्ट चोरतो, त्यातला एक डॅनिश पाद्री. केसांचा रंग घेतो. या वस्तू एकेक करून आपल्या डोक्यात साठत जातात आणि आपण त्या जुळवत राहतो. या पानांना मी खरेदीची यादी म्हणतो, पण यादी कशाची आहे हे झाकलेलं आहे.

आणि आर्देनच्या जंगलातलं ते खरबूज. ते पान पुन्हा एकदा, सावकाश वाचा. एक माणूस बाजारातून खरबूज, रंगाचे डबे, ब्रश आणि जाळीची पिशवी घेऊन झाडीत जातो. खरबुजाला चेहऱ्याचा रंग देतो, वर केस रंगवतो, पिशवीत घालून फांदीला टांगतो. अंतर मोजून लांब जातो. आधी साध्या गोळ्या. एक झाडायची, चालत जाऊन भोक कुठे पडलं ते बघायचं, परत यायचं, दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा झाडायची. तोच क्रम, तीच चाल, अजिबात घाई नाही. मग शेवटी स्फोटक गोळी. चेहरा रंगवलेल्या त्या फळाचं काय होतं ते लेखक दोन-तीन वाक्यांत सांगतो आणि गप्प बसतो. त्यात भीतीबद्दल एक शब्द नाही. पण यापुढे कादंबरीत द गॉल कुठेही दिसले की वाचकाच्या डोळ्यांपुढे ते खरबूज येतं. मी नवीन लेखकांसोबत बसतो तेव्हा हेच पान काढतो. क्रौर्य दाखवायला विशेषणं लागत नाहीत, स्क्रू फिरवणारा हात पुरतो.

पासपोर्टची युक्तीही अशीच. खेड्यातल्या चर्चच्या दफनभूमीत जाऊन लहानपणी वारलेल्या, आपल्याच वयाच्या ठरेल अशा मुलाचं नाव शोधायचं, त्याचा जन्मदाखला मागवायचा आणि त्यावर पासपोर्ट काढायचा. ही पळवाट ब्रिटनमध्ये खरीच होती आणि पुढे ती या कादंबरीच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. जॉन स्टोनहाऊस या खासदाराने १९७४ मध्ये मायामीच्या किनाऱ्यावर बुडाल्याचा बनाव केला, तेव्हा त्याने मृत माणसांच्या नावांचाच आधार घेतला होता. डिसेंबरमध्ये तो मेलबर्नमध्ये पकडला गेला. तपशील खरा असला की काय होतं याचं याहून ठळक उदाहरण माझ्याकडे नाही.

पण तुम्ही थांबलात ती जागा फार वाईट निवडलीत, हे मनापासून सांगतो. कारण क्लोद लेबेल अजून आलेलाच नाही. ही दोन माणसांची कादंबरी आहे आणि तुम्ही आतापर्यंत एकालाच भेटला आहात. लेबेल ठेंगणा, साधा, घरी बायकोपुढे दबून असलेला पोलिस अधिकारी. त्याच्यापुढचं काम बघा: गुन्हा अजून घडलेला नाही, म्हणून घटनास्थळ नाही, साक्षीदार नाही, ठसे नाहीत. गुन्हेगाराचं नाव नाही, चेहरा नाही. हातात फक्त एक टोपणनाव. त्यात द गॉल यांचा हुकूम की गाजावाजा करायचा नाही आणि माझा एकही जाहीर कार्यक्रम रद्द होणार नाही. म्हणजे वर्तमानपत्रात वर्णन छापायचं नाही, आणि सावजाला घरात बसवायचंही नाही. हे दोन दरवाजे लेखकाने आधीच बंद केले नसते तर कादंबरी पन्नास पानांत आटोपली असती. थरारकादंबरीत सगळ्यात जास्त मेहनत सोपे रस्ते बुजवण्यात जाते, आणि वाचकाला ती मेहनत कधी दिसत नाही.

लेबेल आल्यावर उत्कंठेचं यंत्र चालू होतं. जॅकल कुठे आहे हे आपल्याला माहीत, लेबेलला नाही. लेबेलला काय कळलंय हे आपल्याला माहीत, जॅकलला नाही. मधे असतो तो कागद. त्या काळी फ्रान्समध्ये हॉटेलात उतरणाऱ्याला नोंदणीचं कार्ड भरावं लागे आणि ती कार्डं पोलिसांकडे जात. ती गोळा व्हायची, पोचायची, कुणीतरी बसून चाळायची, यात तास जातात. गाडीच्या पाठलागापेक्षा मला या तासांनी जास्त घाम फोडला आहे. आज एका बटणावर मिळणारी माहिती तेव्हा सायकलवरून यायची, हे ध्यानात ठेवून वाचलं तर तो संथपणाच घट्ट होत जातो. गटातल्या तरुण वाचकांना हे आधी सांगितलं की त्यांचे ठिपके पुढे सरकतात, असं मी पाहिलंय.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मारेकऱ्याच्या बाजूने होणं बरं आहे का?

मन लावून काम करणाऱ्या माणसाकडे आपण ओढले जातो. तो कुलूप दुरुस्त करत असो वा बंदूक. शिवाय जॅकलला लेखकाने नाव दिलेलं नाही, बालपण दिलेलं नाही, मत दिलेलं नाही. द्वेष करायला धरण्याजोगं काही हाताला लागत नाही, दिसतं ते फक्त कौशल्य. खोटी कागदपत्रं करणारा तो ब्रुसेल्सचा माणूस मारला जातो तेव्हाही बहुतेक वाचक फारसे हलत नाहीत, कारण तो जॅकललाच लुबाडायला निघालेला असतो. ‘त्याने मरण ओढवून घेतलं’ असं आपण मनाशी म्हणतो. मी तुम्हाला एवढंच सांगेन, की हे वाक्य आपण किती सहज म्हटलं ते लक्षात ठेवा. पुढे ते म्हणता येत नाही. कुठल्या पानावर तुमच्या तोंडून ते निघेनासं होतं, तिथे समासात खूण करा. आमच्या गटात सगळ्यांच्या खुणा एका ठिकाणी पडल्या नाहीत, आणि त्यावरची चर्चा पुस्तकाच्या चर्चेपेक्षा जास्त रंगली. दुसऱ्या बाजूलाही तोच ताण आहे. राष्ट्राध्यक्षाला वाचवायला निघालेली सरकारी माणसं माहिती काढण्यासाठी काय करतात, ते वाचताना पोटात गोळा येतो. तुमच्या मनाला जे टोचलं ते लेखकाने जाणून पेरलं आहे असं मला वाटतं. ते टोचणं घेऊनच पुढे जा.

काही आक्षेप मात्र खोडता येत नाहीत, आणि ते या कादंबरीवर प्रेम करूनही मी मान्य करतो. बायकांची पात्रं फार तोकडी आहेत, बहुतेक पुरुषांच्या कामापुरती येतात आणि जातात. गटातल्या बायकांनी हे पहिल्याच बैठकीत बोलून दाखवलं आणि त्यांचं बरोबर होतं. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. सगळा राग अल्जेरियावरून आहे, पण एकही महत्त्वाचं पात्र अल्जेरियन नाही. ज्यांच्या स्वातंत्र्यावरून हा खून व्हायचा होता ते लोक पानांवर जवळजवळ नाहीतच. ओएएसच्या बॉम्बनी अल्जिअर्समध्ये जे मेले त्यांची बाजू वाचायची तर दुसरी पुस्तकं शोधावी लागतील.

तुम्हाला आवडेल की नाही, हे कशावर अवलंबून आहे? तुम्हाला खुनी कोण हे ओळखण्याचा खेळ आवडत असेल, तर इथे तो खेळ नाही, निराश व्हाल. पात्रांच्या मनात शिरायला आवडत असेल तरी अडचण आहे. पण एखादं काम नेमकं कसं केलं जातं, मग ते चांगलं असो वा भयंकर, हे पाहण्यात तुम्हाला रस असेल, तर दुसरा भाग तुम्ही एका बैठकीत संपवाल. तुमच्या प्रश्नात तुम्ही बंदूक बनवणाऱ्या कारागिराचं प्रकरण ‘तेवढं मात्र आवडलं’ असं लिहिलंय. त्या एका वाक्यावरून मला वाटतं की तुम्ही तिसऱ्या प्रकारातले आहात.

चित्रपट आधी पाहू का, असंही विचारलंत. फ्रेड झिनेमन यांचा १९७३ चा चित्रपट पुस्तकाशी प्रामाणिक आणि उत्तम आहे, पण तो नंतर पाहा, नाहीतर ती झाकलेली तारीख आणि तो ओव्हरकोट दोन्ही वाया जातील. २०२४ ची मालिका आजच्या काळात घडते, तिची आणि पुस्तकाची तुलनाच करू नका.

तर असं करा. मागे जाऊ नका, जड पानं पुन्हा वाचायची गरज नाही. एक कोरा कागद घ्या, मधे उभी रेघ मारा. डावीकडे जॅकल, उजवीकडे लेबेल. प्रत्येक प्रकरणानंतर तारीख टाकून एकेक ओळ लिहा: आज याला काय माहीत आहे, आज त्याला काय माहीत आहे. लेबेल आल्यापासून पंचवीस-तीस पानं अशी वाचा. तेवढ्यात उजवा रकाना डाव्याच्या मागे धावायला लागला नाही, तर पुस्तक खुशाल मित्राला परत करा, आणि कोणत्या पानावर थांबलात ते मला कळवा. माझ्या प्रतीत तिथे तुमच्या वतीने ठिपका देईन.